मलईदार चिकन आणि तळाची खरवड

गेल्या अंकात या सदरात मी एकाच पसरट भांड्यात होणाऱ्या मलईदार चिकनचा ओझरता उल्लेख केला होता. कोंबडीचे तुकडे आधी तेलात खरपूस परतायचे, त्याच भांड्यात कांदा, लसूण आणि थोडे पाणी घालून रस करायचा आणि शेवटी क्रीम घालून तुकडे त्यात मुरू द्यायचे, एवढेच तिथे सांगितले होते. प्रमाण, वेळ, आच यांपैकी काहीच न दिल्याने वाचकांची बरीच पत्रे आली. ज्या अडचणी अनेकांना आल्या आहेत, त्यांची उत्तरे या वेळी सविस्तर देत आहे.

प्रश्न : मी 1 किलो चिकन परतून त्यात फ्रेश क्रीमचे अख्खे पाकीट घातले. तरीही रस पातळ, पांढुरका आणि बेचव झाला, आणि तुकड्यांना उकडल्यासारखा रंग राहिला. आणखी क्रीम घालायला हवे होते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. क्रीम कमी पडले नव्हते. तुम्ही ते घातले तेव्हा भांड्यात चव तयार झालेली नव्हती. या पदार्थाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे, की त्याची चव क्रीममधून येते. क्रीमला स्वतःची चव फार थोडी असते. ते दुसऱ्या चवींना आपल्यात सामावून घेते, त्यांचा तिखटपणा आणि उग्रपणा कमी करते आणि जिभेवर त्या जास्त वेळ रेंगाळू देते. सामावून घेण्यासारखे काही नसेल, तर नुसते गरम दूध घातल्यासारखा रस होतो.

ती चव तुकडे परतताना भांड्याच्या तळाला धरणाऱ्या तपकिरी थरातून येते. दूध आटवलेल्या भांड्याची खरवड ज्यांनी लहानपणी साखर घालून खाल्ली आहे, त्यांना या थराची किंमत वेगळी सांगायला नको. दुधात नसलेली खमंग चव त्या खरवडीत असते, कारण दुधातली प्रथिने आणि साखर उष्णतेने एकत्र येऊन तिथे नवेच काही तयार झालेले असते. या क्रियेचे वर्णन लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये केले आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. कोंबडीच्या मांसातही प्रथिने आणि थोड्या प्रमाणात साखरेचे घटक असतात, त्यामुळे तिथेही तेच घडते. पण ती क्रिया जोमाने होण्यासाठी पृष्ठभागाचे तापमान साधारण 140 अंश सेल्सियसच्या वर जावे लागते. तुकड्यांवर पाणी असेल तर ते उडून जाईपर्यंत पृष्ठभाग 100 अंशांच्या पुढे सरकत नाही. तोवर चिकन परतले जात नसते, ते स्वतःच्याच वाफेवर शिजत असते. तुमच्या तुकड्यांचा उकडल्यासारखा रंग त्यामुळेच राहिला.

तुम्ही 1 किलो चिकन एकाच वेळी भांड्यात टाकले असावे, असे पत्रावरून वाटते. 28 सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यातही एवढे तुकडे एका थरात मोकळे बसत नाहीत. ते एकमेकांना चिकटून बसले की त्यांना पाणी सुटते, भांडे थंडावते आणि सुटलेल्या पाण्यात सगळे उकळू लागते. तुकडे दोन घाण्यांत परता. आपण वडे तळताना कढई भरून टाकत नाही, तोच नियम इथे लागू आहे.

आता पूर्ण कृती सांगतो. चार माणसांसाठी 750 ग्रॅम मांडीचे तुकडे हाडासह घ्यावेत. त्यांना सव्वा चहाचा चमचा मीठ आणि अर्धा चमचा ताजी कुटलेली मिरी चोळून किमान तासभर, शक्य असल्यास आदल्या रात्री, फ्रीजमध्ये झाकून ठेवावे. मिठाने आधी मांसातले पाणी बाहेर येते आणि पुढे त्यातले बरेच मिठासह पुन्हा आत शोषले जाते, त्यामुळे मीठ केवळ वर न राहता तुकड्यात मुरते. परतण्याआधी प्रत्येक तुकडा स्वयंपाकघरातल्या कागदाने किंवा त्यासाठीच राखून ठेवलेल्या स्वच्छ फडक्याने कोरडा टिपून घ्यावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच पदार्थ बिघडायला सुरुवात होते.

जाड बुडाचे पसरट भांडे मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर तापवून त्यात दोन मोठे चमचे तेल घालावे आणि तेल सळसळू लागले की तुकडे मोकळे ठेवून पाच-सहा मिनिटे त्यांना अजिबात हात लावू नये. सुरुवातीला ते तळाला चिकटतील. कलथ्याने ओढून काढण्याचा मोह आवरावा, कारण खालची बाजू पुरती तांबूस झाली की तुकडा आपणहून सुटतो. मग उलटून दुसरी बाजू तीन-चार मिनिटे परतावी आणि तुकडे ताटलीत काढून ठेवावेत. या वेळी ते आतून कच्चेच असतात आणि तसेच असायला हवेत.

भांड्यात तेल जास्त उरले असेल तर थोडे काढून टाकावे, आच मध्यम करावी आणि त्यात एक मोठा चमचा लोणी, बारीक चिरलेला एक मध्यम कांदा आणि ठेचलेल्या आठ लसूण पाकळ्या घालाव्यात. आवडत असल्यास 200 ग्रॅम अळिंबीच्या चकत्याही याच वेळी घालाव्यात आणि त्यांचे पाणी पूर्ण आटेपर्यंत परतावे. लोणी आधी न घालता इथे घालण्याचे कारण असे, की त्यातला दुधाचा अंश मोठ्या आचेवर चटकन जळतो आणि कडू होतो. आता एक वाटी, म्हणजे साधारण 200 मिलिलिटर, गरम पाणी किंवा कोंबडीच्या हाडांचे अळणी पाणी घालावे आणि लाकडी कलथ्याने तळाची खरवड घासून त्यात विरघळवावी. पाण्याचा रंग बघता बघता बदलतो. त्या तपकिरी पाण्याची चव या टप्प्यावर जरूर घेऊन पाहावी, म्हणजे क्रीमशिवायही पदार्थ कसा लागतो ते कळेल.

तुकडे आणि ताटलीत जमलेला त्यांचा रस दोन्ही परत भांड्यात घालून, झाकण ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे शिजू द्यावे. मग झाकण काढून रस निम्मा होईपर्यंत आटवावा, आच अगदी मंद करावी आणि 150 मिलिलिटर क्रीम घालून तीन-चार मिनिटे केवळ गरम होऊ द्यावे. चमच्याच्या पाठीवर रसाचा थर बसला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, की गॅस बंद करावा. खाली उतरवल्यावर लिंबाचे चार थेंब आणि थोडी मिरी घालावी. लिंबू आधी घालू नये. त्याचे कारण पुढच्या उत्तरात येईल.

तुमच्या 1 किलो चिकनसाठी हेच प्रमाण तिसऱ्या हिश्शाने वाढवा. क्रीम त्या मानाने थोडे कमीच ठेवले, तरी चालेल.

प्रश्न : आमच्याकडे म्हशीचे दूध येते आणि घरची साय भरपूर असते. विकतचे क्रीम न आणता साय घातली तर रसावर तुपाचा तवंग येतो आणि कधी कधी कणी पडते. साय वापरूच नये का? (एक गृहिणी, सांगली)

उत्तर : अवश्य वापरावी. ताज्या सायीला जी गोडी असते, ती पाकिटातल्या क्रीमला नसते. पण साय आणि क्रीम एकच नव्हेत, हे लक्षात ठेवावे लागते. पाकिटातल्या क्रीमवर यंत्राने प्रक्रिया झालेली असते. त्यातले स्निग्धांशाचे कण बारीक होऊन सगळीकडे सारखे पसरलेले असतात आणि ते तसेच राहावेत म्हणून बहुतेक वेळा त्यात स्थिर ठेवणारे घटकही घातलेले असतात. सायीतला स्निग्धांश असा बांधलेला नसतो. तो गरम रसात पडला की लगेच वितळून तूप होतो आणि वर तरंगतो.

तुम्ही दोन वेगळ्या अडचणी लिहिल्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. तुपाचा तवंग म्हणजे स्निग्धांश सुटणे. रस फार आटल्यामुळे किंवा फार उकळल्यामुळे असे झाले असेल, तर भांडे खाली उतरवून त्यात दोन-तीन मोठे चमचे कोमट पाणी घालावे आणि रवीने किंवा तारेच्या घोटणीने जोरात घोटावे. बहुतेक वेळा रस पुन्हा एकजीव होतो. कणी पडणे म्हणजे दुधातले केसीन हे प्रथिन गोठणे, आणि ते पूर्ववत होत नाही. पनीर परत दूध होत नाही, तसेच ते आहे. अशा वेळी तुकडे बाजूला काढून, रस कोमट झाल्यावर तो सात-आठ भिजवलेल्या काजूंबरोबर मिक्सरमधून फिरवून घ्यावा. रूप सुधारते, आणि चवीला तर मुळात फारसा धक्का लागलेलाच नसतो, त्यामुळे पदार्थ टाकून देऊ नये.

कणी का पडते, तेही सांगतो. आंबटपणाने केसीन गोठते आणि त्याच्या जोडीला उष्णता आली की फार लवकर गोठते. तूप कढवण्यासाठी आपण चार-सहा दिवस साठवलेली साय थोडी आंबलेलीच असते. तुपासाठी ती उत्तम, पण या रसासाठी अगदी चुकीची. एक-दोन दिवसांची ताजी साय घ्यावी. पाऊण वाटी सायीत पाव वाटी दूध आणि एक चहाचा चमचा कॉर्नफ्लॉवर घालून हाताने घोटून घ्यावे. मिक्सर लावायचा असेल तर दोन-चार सेकंदच लावावा, नाहीतर लोणी निघेल. मग भांड्यातला गरम रस दोन पळ्या या मिश्रणात घालून ते कोमट करावे आणि त्यानंतरच भांड्यात सोडावे. पिठाचे कण प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला बेसन लावतो, ते याच कारणाने. हंगेरीत चिकन पाप्रिकाश करतानाही आंबट क्रीममध्ये थोडे पीठ कालवून मगच ते रश्शात सोडतात. इतक्या दूरच्या दोन स्वयंपाकघरांनी एकाच अडचणीवर एकच उपाय शोधावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. इथे एकाच पॅनमध्ये होणाऱ्या क्रीमी चिकनच्या बहुतेक कृती छातीच्या मांसाच्या असतात. माझे चिकन दर वेळी कोरडे आणि चिवट होते. इथले हेवी क्रीम आणि भारतातले फ्रेश क्रीम यांत किती फरक आहे, तेही सांगावे. (एक वाचक, एडिसन)

उत्तर : छातीच्या मांसात चरबी आणि चिवट पडदे दोन्ही कमी असतात, त्यामुळे ते लवकर शिजते आणि तितक्याच लवकर कोरडे पडते. मांडीचे मांस नेमके याच्या उलट आहे. त्यातले कोलॅजेन, म्हणजे त्या पडद्यांतले चिवट प्रथिन, सावकाश विरघळून रसाला दाटपणा देते, आणि ते 80 ते 85 अंश सेल्सियसपर्यंत गेले तरी मऊच लागते. अमेरिकेच्या कृषी विभागाने कोंबडीचे मांस आतून 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे 74 अंश सेल्सियस, इतके तापले पाहिजे असे सांगितले आहे. छातीच्या मांसासाठी तिथेच थांबावे, पुढे जाऊ नये. तुमच्याकडे सुईसारखे टोक असलेला स्वयंपाकाचा तापमापक सहज मिळतो, तो अवश्य घ्या; अंदाजाने चालणाऱ्यांनाही या एका तुकड्याच्या बाबतीत त्याचा फार उपयोग होतो.

तिथले छातीचे तुकडे मोठे आणि मध्ये फुगीर असतात. जाड भाग शिजेपर्यंत टोके कोरडी होतात. म्हणून तुकडा आडवा कापून त्याचे दोन पातळ काप करावेत आणि हलक्या हाताने ठेचून सगळीकडे सारखी जाडी आणावी. दोन्ही बाजूंनी परतून काप बाहेर काढावेत, रस आणि क्रीम पूर्ण तयार करून घ्यावे आणि काप शेवटच्या तीन-चार मिनिटांसाठीच परत घालून 74 अंश गाठले की उतरवावे. वर दिलेल्या कृतीतला वीस-पंचवीस मिनिटांचा काळ मांडीसाठी आहे, छातीच्या मांसाला तो लावू नये. खरे तर माझा आग्रह असा, की एकदा तरी कातडीसह मांडीचे तुकडे आणावेत. भारतातल्या बहुतेक दुकानांत कोंबडी सोलूनच मिळते, तुमच्याकडे तसे नाही. कातडीची बाजू खाली ठेवून, थंड भांड्यातच सुरुवात करून मध्यम आचेवर तापवत नेले, की तिची चरबी सावकाश सुटते, वेगळे तेल फारसे लागत नाही आणि तळाची खरवड इतकी सुरेख धरते की मसाल्याची आठवणही होत नाही.

क्रीमचा फरक मोठा आहे. भारतात फ्रेश क्रीम म्हणून मिळणाऱ्या पाकिटात साधारणपणे 25 टक्के स्निग्धांश असतो, तर अमेरिकेतल्या हेवी क्रीममध्ये तो किमान 36 टक्के असावा लागतो. ब्रिटनमधल्या डबल क्रीममध्ये तर 48 टक्के असतो. स्निग्धांश जितका जास्त, तितकी त्यातल्या प्रथिनांची गोठण्याची शक्यता कमी. म्हणून तिथल्या कृतींत क्रीम घालून खुशाल उकळून आटवा असे लिहिलेले असते, आणि तसे केल्याने तिथे काही बिघडत नाही. त्याच कृती वाचून पुण्यात किंवा नागपुरात 25 टक्क्यांच्या क्रीमने कोणी तसे केले, तर रस फुटण्याचा धोका राहतो. तुम्ही हाफ-अँड-हाफ (दूध आणि क्रीम यांचे मिश्रण) वापरत असाल तर ते या कामाचे नाही, त्यात 10.5 ते 18 टक्केच स्निग्धांश असतो. चीज घालायचे असल्यास आच बंद केल्यावर घाला आणि ते स्वतः किसून घ्या, कारण तयार किसलेल्या चीजला कीस मोकळा राहावा म्हणून पूड लावलेली असते आणि तिने रस रवाळ होतो.

प्रश्न : क्रीम घातलेले चिकन आमच्या घरात आजारी माणसाचे जेवण वाटते. कांदा-लसूण मसाला घातला तर पदार्थ बिघडेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बिघडणार नाही. मात्र मसाला शेवटी वरून घालू नये. तुकडे काढल्यावर लोण्यात कांदा परतून झाला की आच मंद करून एक ते दीड चहाचा चमचा मसाला त्या स्निग्धांशात अर्धा मिनिट परतावा आणि लगेच पाणी घालावे. मिरचीचा रंग आणि तिचा तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, तेला-तुपात उतरतो. क्रीम घातल्यावर तिखट तुम्हाला अपेक्षेपेक्षा कमी लागेल, कारण दुधातले केसीन तिखटपणा दाबते. म्हणून मीठ आणि तिखट यांची अखेरची चव क्रीम घातल्यानंतरच घ्यावी. मसाल्यात आधीच भाजलेले खोबरे आणि तीळ असतात, त्यामुळे रस दाट होतो. क्रीम 150 ऐवजी 100 मिलिलिटर पुरते.

तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, एवढेही नोंदवतो. न परतलेले चिकन पांढऱ्या रसात ठेवले तर ते खरोखरच पथ्याचे लागते. दिल्लीच्या दर्यागंजमधल्या मोती महलमुळे प्रसिद्ध झालेले बटर चिकन घ्या. त्यात लोणी आणि क्रीम दोन्ही सढळ हाताने असतात, तरी त्याला कोणी आजाऱ्याचे जेवण म्हणत नाही, कारण त्यातली कोंबडी आधी तंदूरमध्ये भाजलेली असते आणि तिच्या कडा करपायला आलेल्या असतात. तंदूर जे काम करतो, तेच आपल्या पसरट भांड्याचा तापलेला तळ लहान प्रमाणात करतो.

प्रश्न : माझ्या मुलाला दूध पचत नाही. नारळाच्या दुधात हाच पदार्थ होईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : उत्तम होईल, आणि तुम्हाला ते शिकवण्याची मला गरज नसावी, कारण कोकणात नारळाचे पहिले आणि दुसरे दूध वेगळे ठेवण्याची जी रीत आहे, ती नेमकी इथे लागते. एका मध्यम नारळाचे खोबरे खवणून त्याचे घट्ट पहिले दूध काढावे, मग त्याच चोथ्यात गरम पाणी घालून दुसरे पातळ दूध काढावे. वरच्या कृतीतल्या पाण्याच्या जागी दुसरे दूध वापरून त्यात चिकन शिजवावे आणि क्रीमच्या जागी पहिले दूध घालून केवळ वाफ येईपर्यंत गरम करावे. पहिले दूध उकळले की फुटते, हे तुमच्याकडे प्रत्येक घरात ठाऊक असते. सोलकढी आपण उकळत नाही, त्यामागचे कारणही हेच. गोव्याच्या काल्दीनमध्येही नारळाच्या दुधाचा असाच सौम्य, पिवळसर रस असतो; हळद, जिरे आणि धणे यांचे थोडे वाटण घातलेत, तर तुमचा पदार्थ त्याच्या जवळ जाईल. परतण्यासाठी लोण्याऐवजी खोबरेल वापरावे. तूपही टाळलेले बरे, कारण त्यात दुधाचा किंचित अंश राहू शकतो.

कोकमाचे आगळ घालायचे असेल तर ताटात वाढल्यावर, थेंब-दोन थेंब.

प्रश्न : या पदार्थासाठी भांडे कोणते घ्यावे? घरी बिडाचा खोलगट तवा, नॉनस्टिक पॅन आणि स्टीलची कढई आहे. (एक नवविवाहित वाचक, ठाणे)

उत्तर : बिडाचा खोलगट तवा, निःसंशय. अमेरिकेत ‘स्किलेट’ नावाच्या ज्या पसरट, लांब दांड्याच्या भांड्यावरून अशा पदार्थांना नाव पडले आहे, तेही बहुधा बिडाचेच असते. बीड तापायला वेळ घेते, पण एकदा तापले की थंड तुकडे पडल्यावरही उष्णता सोडत नाही, आणि आपल्याला हवे असते तेच. दोन गोष्टी सांभाळाव्यात. टोमॅटो, चिंच किंवा दही तव्यात घालून फार वेळ शिजवू नये, कारण आंबटाने लोखंड रसात उतरते, रस काळपट होतो आणि त्याला धातूची चव येते. आणि उरलेला पदार्थ रात्रभर त्यात ठेवू नये; जेवण झाले की दुसऱ्या भांड्यात काढावा, तवा धुऊन, आचेवर कोरडा करून त्याला तेलाचे बोट फिरवावे.

नॉनस्टिक पॅनमध्ये काही चिकटत नाही हा त्याचा गुण, पण इथे थोडे चिकटणेच हवे असते, त्यामुळे खरवड नीट धरत नाही. शिवाय ते रिकामे असताना मोठ्या आचेवर तापवणे योग्य नाही. स्टीलची कढई जाड बुडाची असेल तर चांगली चालेल. पातळ असेल तर ज्योत लागते तेवढाच भाग करपेल. कोकणातल्या काही घरांत पसरट, बसक्या भांड्याला लंगडी म्हणतात. जुनी, जड लंगडी घरात असेल तर तीही काढून पाहावी; पितळेची असल्यास तिला आतून कल्हई हवी, आणि कल्हई केलेले भांडे रिकामे तापवू नये.

प्रश्न : चिकन न धुता शिजवा असे हल्ली सांगतात. हे मनाला पटत नाही. (एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर)

उत्तर : तुमची अडचण मला समजते, कारण न धुतलेले मांस चुलीवर चढवणे आपल्या सवयीत बसत नाही. त्या सल्ल्यामागचे कारण असे, की कच्च्या कोंबडीवर कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात आणि नळाच्या धारेखाली ती धुताना पाण्याचे तुषार ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर आणि कोशिंबिरीसाठी काढलेल्या भाजीवर उडतात. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने 2014 मध्ये याविषयी लोकांना जाहीर आवाहन केले होते. जंतू धुण्याने जात नाहीत, शिजवण्याने मरतात.

बंद पाकिटातले स्वच्छ केलेले चिकन असेल तर ते न धुता केवळ टिपून घ्यावे. दुकानातून समोर कापून आणलेल्या चिकनला रक्त, हाडांचा चुरा किंवा पिसाचा अंश लागलेला असतो. ते धुवायचेच असेल तर धारेखाली न धरता पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने बुडवून काढावे, पाणी सावकाश मोरीत ओतावे आणि नंतर पातेले, मोरी आणि हात साबणाने स्वच्छ करावेत. मग चाळणीत निथळून तुकडे कागदाने कोरडे करावेत. धुतलेले चिकन ओलेच परतायला घेणे, हे या पदार्थाच्या दृष्टीने सर्वांत मोठे नुकसान आहे.

प्रश्न : गावरान कोंबडीचे असे काही करता येईल का? आमच्याकडे ब्रॉयलर कोणी खात नाही. (एक वाचक, पाटण)

उत्तर : करता येईल, पण क्रम उलटा लावावा लागेल. गावरान कोंबडी हिंडणारी आणि वयाने मोठी असते, तिचे मांस घट्ट असते आणि वीस-पंचवीस मिनिटांत ते शिजत नाही. आधी तुकडे मीठ, हळद आणि थोडे आले लावून, ते बुडतील एवढ्या पाण्यात कुकरला किंवा पातेल्यात मऊ होईपर्यंत शिजवावेत. किती शिट्ट्या घ्याव्यात हे कोंबडीच्या वयावर अवलंबून असल्याने आकडा देत नाही. मांस हाडापासून सुटू लागले, पण गळून पडले नाही, अशी वेळ गाठावी. तुकडे निथळून पूर्ण कोरडे होऊ द्यावेत, मग तापलेल्या भांड्यात तेलावर खरपूस परतावेत आणि खरवड सोडवण्यासाठी साध्या पाण्याऐवजी तिचेच अळणी पाणी वापरावे. त्या पाण्याला ब्रॉयलरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त चव असते, त्यामुळे क्रीम निम्मे करावे. 75 मिलिलिटर पुरेसे होते. त्याहून जास्त घातले तर गावरान कोंबडीची चव झाकली जाते, आणि मग ती आणण्यात काही अर्थ राहत नाही.

उरलेले अळणी पाणी मिरपूड घालून गरम गरम प्यावे.

प्रश्न : एकाच भांड्यात पूर्ण जेवण व्हावे अशी माझी गरज आहे. नोकरीवरून यायला रात्रीचे आठ वाजतात. बरोबर काय करावे, आणि उरलेले दुसऱ्या दिवशी डब्यात न्यावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तीन-चार मध्यम बटाटे सालासकट इंचभर फोडी करून घ्या. चिकन काढल्यावर त्याच तेलात त्यांना चिमूटभर मीठ घालून सात-आठ मिनिटे परता, मग कांदा-लसूण घालून पुढची कृती तशीच करा. चिकन शिजते तेवढ्या वेळात बटाटेही शिजतात आणि त्यांच्या पिठाने रस दाट होतो. क्रीम घालण्याआधी दोन मुठी धुतलेला पालक किंवा वाटीभर मटार घाला. पालकाचे पाणी आटू द्या, मगच क्रीम. सकाळी निघण्यापूर्वी चिकनला मीठ-मिरी लावून फ्रीजमध्ये ठेवलेत, तर रात्री आल्यावर साधारण तासाभरात ताट वाढता येते. बरोबर पाव घ्या, कारण या रसाला पाव जितका शोभतो तितकी पोळी शोभत नाही. ज्वारीची भाकरी मात्र मिरीचे प्रमाण वाढवल्यास छान लागते.

उरलेले दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दोन, फार तर तीन दिवसांत संपवावे. गरम करताना मोठ्या आचेवर उकळू नये. दोन-तीन मोठे चमचे पाणी किंवा दूध घालून मंद आचेवर हलवत, वाफा येईपर्यंत पूर्ण गरम करावे. डब्यासाठी हे बरे नाही. सकाळी भरलेला डबा दुपारपर्यंत चार-पाच तास बाहेर राहतो, आणि कोंबडी व क्रीम दोन्ही त्या वेळात बिघडू शकतात. कार्यालयात फ्रीज आणि गरम करण्याची सोय असेल, तरच न्यावे.